पातीला मीठ

आमच्या रानाच्या खालच्या अंगाला कॅनॉलचं पाणी झिरपतं. तिथं बांधाच्या कडेनं कांद्याची पात आपली आपण उगवते. कुणी लावलेली नाही. फार पूर्वी तिथं कुणी कांदा केला असेल, काढताना चार कांदे मातीत राहिले असतील, त्यांचंच वाढत गेलं असेल. कांदा म्हणावा तर तो करंगळीच्या टोकाएवढा, पण पात हिरवीगार आणि इतकी तिखट की हातात चुरगळली तरी डोळ्यांत पाणी येतं. चैत्रात कॅनॉल बंद झाला की ती वाळून जाते. म्हणून फाल्गुनातच तिचं लोणचं घालावं लागतं.

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ही पात मीच काढते. सकाळी दव असताना जायचं, खुरप्यानं बाजूची माती सैल करायची आणि हलक्या हातानं मुळासकट ओढायची. एखादी तुटली तर कांदा मातीत राहतो, पुढच्या वर्षाची सोय होते, त्यामुळं तुटल्याचं वाईट वाटत नाही. घरी आणून मुळं छाटायची, वरचं साल काढायचं, धुवायची आणि सावलीत जुन्या धोतरावर पसरायची. पाण्याचा एक थेंबही राहता कामा नये. इथपर्यंत माझं काम. पुढं मीठ लावायचं असायचं आणि ते थोरल्या जाऊबाईंचं काम होतं. त्यांना मी अक्का म्हणते.

मीठ लावायचं म्हणजे नुसतं वरून टाकायचं नसतं. पातीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, कांद्याला मधोमध चीर द्यायची, परातीत जाडं मीठ घालून दोन्ही तळहातांनी चोळत बसायचं. अक्का म्हणायच्या, "पात रडली पायजे." म्हणजे तिला पाणी सुटलं पाहिजे. ती मऊ पडली, तिचा ताठा गेला, की मग मोहरीची डाळ, हळद, तिखट, थोडी किसलेली कैरी आणि हिंग घालून कडवलेलं करडईचं तेल, गार करून.

मी मीठ लावत नसे, कारण माझा हात उष्ण. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. उष्ण हाताच्या बाईनं लोणच्यात हात घातला तर लोणचं नासतं. माझ्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी, करडईची काढणी चालू होती तेव्हाची गोष्ट. मी परातीत हात घालणार तेवढ्यात अक्कांनी माझं मनगट धरलं आणि सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आत्याबाई, हिचा हात लय उष्ण हाय. हिला लोणच्याला लावू नका." आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. "कामाला थंड न्हाई म्हंजे झालं," म्हणाल्या, आणि ते ठरून गेलं. त्यानंतर मी लोणच्याच्या बरणीत कधी हात घातला नाही. पंगतीत वाढायचं झालं तरी लोणच्याची वाटी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची. कुरडया, पापड, शेवया मी केलेल्या चालायच्या. माझ्या हाताची भाकरी आत्याबाईंना आवडायची. पण लोणचं आलं की मी मागं सरायची. मला त्याचं काही वाटत नसे असं मी म्हणत होते.

मग दिवाळीनंतर वाटणी झाली. विहिरीवरच्या मोटारीवरून दोघा भावांचं बिनसलं आणि बोलणंच तुटलं. अंगणात मधोमध पत्रे उभे राहिले. रान वाटलं तेव्हा खालचा पाझरता तुकडा थोरल्या दिरांकडं गेला. पात त्यांच्यात गेली. मोठी चिनी मातीची बरणी त्यांच्यात गेली. आत्याबाई मात्र वाटल्या जाईनात, म्हणून त्यांची पाळी लावली. एक महिना पत्र्याच्या इकडं, एक महिना पलीकडं. अमावस्या झाली की त्यांची बाज आणि त्यांचं गाठोडं उचलून गल्लीतून वळसा घालून न्यायचं.

बाप्ये बोलत नाहीत म्हटल्यावर बायकांनीही बोलायचं नाही असं आपोआप झालं. मी तशीही कमी बोलते. अक्कांना मात्र न बोलून कसं चालेल? त्यांची म्हैस पत्र्याला लागूनच बांधलेली असते. त्या तिच्याशी बोलायला लागल्या. मी उशिरा उठले की पलीकडून ऐकू यायचं, "ऊठ गं बाई, लोकाचं काय, लोकं दुपारपर्यंत झोपतेत." मी भांडी आपटली की, "हळू गं, हळू. भांडी काय तुज्या बापानं दिली का?" म्हैस बिचारी रवंथ करत उभी. मला राग यायचा आणि हसूही यायचं. उत्तर द्यायला माझ्याकडं म्हैस नव्हती आणि असती तरी मला जमलं नसतं.

यंदा फाल्गुनाची पाळी आमच्याकडं होती. महाशिवरात्रीनंतर आत्याबाईंना ताप आला. सोनपेठच्या दवाखान्यात नेऊन सलाईन लावून आणलं. ताप उतरला, पण जेवण घशाखाली उतरेना. सकाळी उठून अंघोळ करायच्या, कपाळाला विभूती लावायच्या, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायच्या, सगळं नेमानं. ताट समोर आलं की तोंड फिरवायच्या. मऊ भात दिला, मुगाचं वरण दिलं, दुधात भाकरी कुस्करून दिली. एक घास घ्यायच्या आणि बाजूला सारायच्या. "तोंडाला चवच न्हाई माय," म्हणायच्या. डॉक्टर म्हणाले होते, पोटात अन्न जाऊ द्या, न्हाईतर म्हातारी उठायची नाही. त्यांचे दंड बघता बघता काठीसारखे झाले. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या.

मी बेजार झाले. एका जागी बसवत नव्हतं. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. चुलीजवळ जायची, काय करायला आले ते विसरायची, परत यायची. बाजेपाशी जाऊन त्यांची छाती खालीवर होते का ते बघायची. पाळी बदलताना ही बाज अशी वाळलेली पलीकडं गेली तर गाव काय म्हणेल, हेही मनात यायचंच. पण खरं सांगायचं तर गावाचं भ्या नंतरचं होतं. त्या जेवल्या पाहिजेत, एवढंच डोक्यात फिरत होतं.

एक दिवस मी विचारलं, "आत्याबाई, काय खावं वाटायलंय? सांगा तरी."

त्या म्हणाल्या, "पातीचं लोणचं असतं तर अर्धी भाकर खाल्ली असती."

गेल्या वर्षीचं लोणचं मोठ्या बरणीत होतं, पण ते दिवाळीच्या आधीच संपलं होतं. यंदा त्यांनी घातलं नव्हतं. का घातलं नाही ते मला माहीत होतं. पात काढायला मी नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी खुरपं घेऊन निघाले. आता ते रान आमचं नव्हतं. पहिल्यांदाच मी चोरासारखी इकडंतिकडं बघत पात उपटली. घाई केली, पुष्कळ तुटली. ओचा भरला तेव्हा वर पाहिलं तर लांब बांधावर अक्का उभ्या होत्या, डोक्यावर गवताचा भारा. त्यांनी बघितलं. हाक मारली असती तर मी काय सांगितलं असतं देव जाणे. पण त्या वळून दुसऱ्या वाटेनं गेल्या.

घरी आल्यावर मी सगळं केलं. मुळं छाटली, साल काढलं, धुतली, वाळवली, चिरली. परातीत मीठ घातलं आणि तिथं माझे हात थांबले. शेवटी मी हात लावलाच नाही. लाकडी पळी गरम पाण्यात उकळून घेतली, पुसून कोरडी केली आणि पळीनं पात वरखाली केली. पुष्कळ वेळ केली. मनात म्हटलं, हात लागला नाही म्हणजे नासायला कारण नाही. काचेच्या बरणीत भरलं, तेल ओतलं, तोंडाला फडकं बांधलं.

त्यानंतर मला चैन नाही. काम करता करता बरणीपाशी यायची. फडकं सोडून वास घ्यायची, पुन्हा बांधायची. तेल वरच तरंगत होतं, खाली पात कोरडी आणि ताठ उभी होती. पाणी सुटायचं नाव नाही. आत्याबाई बाजेवरून विचारायच्या, "मुरलं का गं?" मी म्हणायची, "मुरायलंय." पुन्हा जाऊन बघायची. मालक म्हणाले, "त्या बरणीला काय पाळण्यात घालून झोके देतीस का? ठेव की एका जागी." पण मला ठेवता येईना. आणि मग एका सकाळी तेलाच्या वर आलेल्या तुकड्यांवर पांढरा बुरा दिसला. खाली बोट घालायची गरजच नव्हती. वासानंच कळलं.

मी ती बरणी उकिरड्यावर नेऊन उपडी केली. उकिरडा तेवढा अजून दोन्ही घरांचा एकच आहे. परत येऊन चुलीपुढं बसले आणि माझ्या हाताकडं बघत राहिले. पळी मध्ये घालूनही याची उष्णता पोचली, असं वाटलं. असा कसला हात, म्हातारीच्या तोंडाला चार तुकडे देऊ शकत नाही?

दुपारी पत्र्यापलीकडून आवाज आला.

"बग गं बाई, कुनाचं तरी लोनचं नासलंय. पात कशी काडीसारखी ताठ हाय. मीठ आत गेलंच न्हाई की. चोळलं न्हाई तर काय व्हईल?"

म्हशीनं शेपटी हाणल्याचा आवाज आला. मग जरा वेळानं, हळू आवाजात:

"अन म्हातारी जेवली का गं आज?"

मी पत्र्याच्या अलीकडं उभी होते, हातात तांब्या. "न्हाई जेवल्या," एवढंच म्हणायचं होतं. पण मी तांब्या खाली ठेवला, पुन्हा उचलला. पलीकडं त्या जरा वेळ थांबल्या असाव्यात. मग बादलीचा आवाज झाला आणि त्या गेल्या.

त्या दिवशी आत्याबाईंनी नुसतं पाणी घेतलं. मी ठरवलं, अजून एकदा करायचं. बांधाच्या पार कोपऱ्यात, बाभळीच्या सावलीत थोडी पात शिल्लक होती, ती मी येताना बघून ठेवली होती. कॅनॉल यंदा फाल्गुनातच बंद झाला होता. तेवढीच काय ती शेवटची.

सकाळी उजाडता उजाडता गेले. बाभळीखाली पात नव्हती. माती ताजी उकरलेली, ठिकठिकाणी खड्डे, खुरप्याचे घाव ओले. कुणीतरी नुकतीच उपटून नेली होती. कुणी ते विचारायची गरज नव्हती. रान त्यांचं.

मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. माझ्यावर राग असेल तर माझ्यावर काढा, म्हातारीच्या तोंडचं कशाला काढता? घराकडं येताना मी चालत होते की पळत होते मला आठवत नाही. आमच्या दारापाशी थांबलेच नाही. गल्लीतून वळसा घालून तडक त्यांच्या अंगणात शिरले. वाटणीनंतर पहिल्यांदा. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं.

अक्का ओट्यावर बसल्या होत्या. समोर धोतर पसरलेलं आणि त्यावर पात. मुळं छाटून, धुऊन, सावलीत मांडलेली. शेजारी परात, मिठाचा डबा, मोहरीची डाळ. छाटणी वेडीवाकडी झाली होती, अर्ध्या पातीचं साल तसंच होतं. ते काम त्यांनी कधी केलेलंच नव्हतं.

त्यांनी वर बघितलं. "आलीस का? ये, बस. मी काय जलमभर म्हशीलाच बोलत बसू व्हय?"

मी उभीच.

"अगं बस की. हे साल काढून दे. माज्यानं न्हाई निघत हे बारीक काम. सकाळपासून नखं गेली माजी."

मी बसले. साल काढायला लागले. हातांना काम मिळालं तसा श्वास खाली बसला. म्हैस तेवढी आमच्याकडं बघत होती, तिला नवल वाटलं असेल. पात कोरडी झाली, मी चिरून दिली, त्यांनी मिठाचा डबा माझ्याकडं सरकवला.

"लाव मीठ."

"मी?"

"मग काय म्हशीनं लावायचं? माजा अंगठा बग." त्यांच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं होतं. विळ्यानं कापला होता. "मला न्हाई सोसायचं मीठ."

"अक्का, माझा हात उष्ण हाय."

"कुनी सांगितलं?"

"तुमीच म्हनला व्हता की. पैल्या वर्षी. आत्याबाईंपुढं."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांना आठवलं असावं. त्यांनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागल्या, अशा की पदर तोंडात घालावा लागला.

"अगं येडे! तवा तुजे हात बगितले व्हते का तू? नवी पोर, करडई उपटायला लावली व्हती तुला, हातात गुंडाळायला फडकं सुदीक दिलं न्हवतं. तळहातात सगळे काटे. रगत यायलं व्हतं. अन तू आपली मुकाट मिठात हात घालायलीस! हात दुखतेत म्हनलं असतं तर आत्याबाईनं मुद्दाम मीठच चोळायला बसवलं असतं तुला. तवाच्या आत्याबाई काय आताच्या हायेत? काय तरी म्हनायचं म्हनून म्हनले."

"मग नंतर कामून न्हाई सांगितलं?"

"तू इचारलंस का कधी? मला वाटलं तुला ठावं हाय. म्हनलं, एक काम सुटलं म्हनून खुशाल बसली असंल."

मला राग यावा की हसू हे कळेना. इतकी वर्षं मी पंगतीत लोणच्याची वाटी दुसऱ्याच्या हातात देत आले. माझ्या लेकीच्या लग्नात रुखवतातली लोणच्याची बरणी मी स्वतः उचलली नव्हती. हे सगळं मला त्यांना सांगायचं होतं. मी मान खाली घालून परातीत हात घातले.

जाडं मीठ तळहाताला टोचलं. पात आधी करकर वाजली. मी हळूच चोळत होते, तर अक्का म्हणाल्या, "अगं गोंजारायलीस काय? ती काय तान्हं लेकरू हाय का? दाब." मी दाबलं. सगळ्या घराचा राग, पत्र्याचा, मोटारीचा, म्हशीचा, सगळा त्या परातीत उतरला असेल. बोटांच्या फटीतून हिरवट पाणी यायला लागलं. नखाजवळ एक चीर होती, ती आगीसारखी झोंबत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पातीचंच होतं असं मी धरून चालले.

"रडली," अक्का परातीत वाकून म्हणाल्या. "आता बस कर."

कैरी किसून आत घातली, मोहरी घातली, तेल त्यांनी आधीच कडवून गार केलं होतं. मोठ्या बरणीत भरायचं ठरलं. अक्का म्हणाल्या मुरू दे दोन-तीन दिस. मी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. त्यांनी गुपचूप एक वाटी वेगळी काढली.

त्या माझ्याबरोबर आमच्या अंगणात आल्या. मालक दारात बसले होते, त्यांनी भावजयीला बघितलं, टोपी नीट केली आणि उठून रानाकडं निघून गेले. रागानं गेले की वाट द्यायला गेले, कळलं नाही. भावाभावांचं अजून तसंच आहे. पत्रेही तसेच आहेत.

आत्याबाईंची पूजा आटपली होती. मी ज्वारीची भाकरी ताजी केली, पापुद्रा काढून त्यावर लोणचं ठेवलं. त्यांनी ताटाकडं बघितलं नाही, आधी वास घेतला. मग एक तुकडा उचलून जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. आम्ही दोघी बाजेपाशी उभ्या. इतका वेळ मी कधी उभी राहिले नसेन असं वाटलं. मग त्यांनी भाकरीचा घास मोडला. तो खाल्ला. दुसरा मोडला.

"थोरलीनं केलं व्हय?" घास चावत त्यांनी विचारलं.

"न्हाई," अक्का म्हणाल्या. "हिनं केलं. हिनंच मीठ लावलं."

आत्याबाईंचं चावणं थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं, वाटीकडं बघितलं. मला वाटलं, आता ताट सारतात.

"हिचा हात उष्ण हाय," त्या म्हणाल्या. "टिकायचं न्हाई हे. नासायच्या आत संपवाया पायजे."

आणि त्यांनी वाटी स्वतःकडं ओढून घेतली.